सासूबाईंच्या पिशवीतली किल्ली

गुरु., ११ सप्टें., येना, जर्मनी

लायसन्स मिळून आज सात महिने. तिसऱ्या खेपेस का होईना, मिळालं. कार्ड पर्समध्ये, गाडी खाली, किल्ली नवऱ्याच्या, निखिलच्या खिशात. एप्रिलमध्ये मी गाडी पार्किंगच्या खांबाला घासली, तेव्हापासून हे असं. "चालव ना, मी कुठं नाही म्हणतो?" म्हणतो, पण किल्ली काही देत नाही. मीही मागत नाही. ते जास्त लागतं.

आई, म्हणजे सासूबाई, २० तारखेला, शनिवारी सांगलीला परत. विमान फ्रांकफुर्टहून.

रवि., १४

आज जे झालं ते आजच लिहायचं.

सकाळी आई खिडकीत. "रविवारी इथली माणसं जातात तरी कुठं? दुकानंसुद्धा बंद." निखिल बोलून गेला, सीमेपलीकडे चेकमध्ये आज सगळं उघडं असतं, दोन तासांवर तर आहे.

"मग चला की."

त्याची मान आखडलेली, डावीकडे वळतच नाही. म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू.

"पुढच्या आठवड्यात मी सांगलीत. मुग्धाला येते ना गाडी?"

निखिलनं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. नऊ वर्षांची आमची ईरा तोवर बूट घालून तयार. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मास. वीस मिनिटांत खाली. आई पुढच्या सीटवर बसून मोकळ्या. निखिल मागे, मान धरून.

आउटोबानवर, इथल्या हायवेवर, चढताना मागून ट्रक आला, निखिलचं "थांब, थांब" सुरू. आई म्हणाल्या, "तू गप रे. ती बघतेय." मी वेग वाढवला आणि आत शिरले. ईरा ओरडली, "ममा, सुपर!" पुढे कधीतरी आईंनी दशमीचा घास भरवला, माझे हात स्टिअरिंगवरच.

हेब, सीमेपलीकडचं गाव. चौकात कॉफी. ताटाएवढी गोल, गोड वेफर बिस्किटं घेतली. तिथं आईंनी कमरेची कापडी पिशवी उघडली, पासपोर्टच्या आतून एक जुनं लायसन्स काढलं. त्यांचं. "पन्नासाव्या वर्षी काढलं. तुझे सासरे म्हणायचे, देतो की चालवायला. गेले बिचारे, द्यायचं राहून गेलं." हसत सांगितलं. मला रडू आलं.

सोम., १५

काल दमून अर्धवट राहिलं. येताना सीमेवर पोलिसांनी बाजूला घेतलं. माझं लायसन्स, माझं आणि ईराचं इथलं रहिवासी कार्ड पर्समध्ये. आईंचा पासपोर्ट पिशवीत. ती पिशवी आई भाजी आणायलासुद्धा नेतात म्हणून निखिल दोन महिने हसतोय. आणि निखिलचं कार्ड? ऑफिसच्या जॅकेटात. घरातला नियमांचा राजा हा!

चाळीस मिनिटं फोनाफोनी, मग पोलिसाचं व्याख्यान. निखिल 'हो' म्हणून मान हलवायला जातो, तर मान हलत नाही. आई पोलिसाला मराठीत, "असू दे हो, विसरला. गाडी काही तो चालवत नाही." ईरानं ते गंभीरपणे जर्मनमध्ये सांगितलं. अजून हसू येतंय.

जाऊन-येऊन जवळजवळ तीनशे कि.मी. एक ओरखडा नाही. त्याच खांबाशेजारी पहिल्या झटक्यात लावली. मला माझा अभिमान वाटतोय. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन, त्यात काय एवढं.

बुध., १७

निखिलची मान सुटली. जेवताना म्हणाला, "फ्रांकफुर्टला मीच नेतो. तीन-साडेतीन तास, तुला कशाला दगदग."

"मला न्यायचंय."

सात महिन्यांत पहिल्यांदा मागितलं. तो म्हणाला, "बघू." वाईट नाही तो. भितो.

शुक्र., १९

आईंच्या बॅगा भरून झाल्या. दुपारपासून निखिल किल्ली शोधतोय. जॅकेट, ड्रॉवर, सोफ्याखाली. ईराला विचारलं, मला विचारलं. शेवटी आई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "माझ्या पिशवीत आहे, पासपोर्टजवळ. उद्या खाली गेल्यावर काढेन."

"आणि देणार कुणाला?"

"उद्या बघू की." पोळी तव्यावर टाकली. मग माझ्याकडे वळून, "मुग्धा, आज लवकर झोप."