रुमालातला प्रसाद

तरनतारन, पंजाब

प्रिय मनीषा,

मी बराबर पोचलो. जेवण चांगलं आहे, काळजी करू नको. लेक तापानं जाऊन महिना झाला, तरी फोनवर प्रांजलीचं नाव निघालं की आवाज बसतो. म्हणून लिहून राह्यलो.

आमचे गाडीमालक, म्हातारे गुरदित्तसिंग, यांचा पोरगा अपघातात गेला. काल गुरुद्वारात त्याच्या नावानं ठेवलेला ग्रंथाचा पाठ संपला. कोणी मोठ्यानं रडलं न्हाई. उलट गरम शिऱ्याचा प्रसाद वाटला! मालक म्हणले, "मरण रोज आठवायचं. रबाची, देवाची मर्जी गोड मानायची."

मी म्हणलं, "आठवायला आधी विसरावं लागतं, सरदारजी."

आपल्यात वर्षभर गोड चालत न्हाई, म्हणून मी हात मागं घेतले. त्यांनी माझी ओंजळ धरून त्यात शिरा ठेवला. त्यांचे हात लटलटत होते.

माय जेवते का? ती म्हणली तरी रेणुकाईची ओटी भरायला जाऊ नको. देवीनं आपलं काय ऐकलं?

शिरा रुमालात बांधून गाडीत ठेवलाय. मुंग्या लागल्यात. खाववत न्हाई, फेकवत न्हाई. मर्जी एवढी गोड असती, तर म्हाताऱ्याचे हात कशाला लटलटले असते?

प्रांजलीचा बाप,
ओमप्रकाश