खिळ्यावरचा बिल्ला

६ ऑक्टोबर
आलो एकदाचा. चौतीस वर्षं ग्रँड रॅपिड्समध्ये लोकांची छपरं घातली. आज पहिल्यांदा स्वतःच्या छपराखाली बसून लिहितोय, आणि ते नेमकं वहीवरच गळतंय. हसू आलं. उद्या शिडी लावतो.

घर दोन खोल्यांचं. मागची सौना, वाफेने अंघोळ करायची खोली, मात्र स्वयंपाकघराहून मोठी, इथल्या फिनिश लोकांचं असंच असतं. भोवती चाळीस एकर रान, सगळं माझं. हरणांच्या शिकारीचा मोसम चालू झालाय, धनुष्याला नवी दोरी आहे, गुडघे अजून वाकतात. क्लेम डुडेकला आणखी काय पाहिजे?

शेजारी रेनो हार्यू वेलदोड्याचा पाव घेऊन आला. सत्तरीचा, काटकुळा, एका कानाने बहिरा. माझ्या कॉफीचे तीन कप प्यायला आणि म्हणाला, ही कॉफी आहे की बादली धुतलेलं पाणी? पाच मिनिटांत माझं नावही ठेवून मोकळा झाला, छपरेवाला.

त्याच्या फाटकाला एक फळी आहे. फळीवर खिळे, खिळ्यांवर पत्र्याचे बिल्ले. रानात जाताना आपल्या नावाचा बिल्ला टांगायचा, परत आलात की काढायचा. अंधार पडायच्या वेळी एखादा लटकत राहिलाच, तर सगळ्यांनी शोधायला निघायचं. कायदा एकच. ज्याचा बिल्ला त्यानेच परत येऊन काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. माझाही बिल्ला त्याने खिळ्याने ठोकून तयार केला. म्हणाला, फळीवर अजून दोन-चार मूर्खांची जागा आहे.

एक बिल्ला इतका गंजलाय की नाव बोटाने वाचावं लागलं. आ. कांगस. हा कोण, विचारलं. कॉफी खरंच वाईट होती, एवढं बोलून रेनो निघून गेला.

१० ऑक्टोबर
छप्पर झालं. मग सगळं रान पायाखाली घातलं.

हरणांच्या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे एक जुना मेपल आहे. दोघांच्या कवेत मावणार नाही असा. बावीस फुटांवर लोखंडी मचाण, गंजलेलं. कुणीतरी वर्षानुवर्षं काढलेलंच नाही. हा अडाणीपणा. झाड वाढतं, पट्टा वाढत नाही. दर वसंतात पट्टे सोडायचे, दर शरदात तपासून नव्याने बांधायचे, नाहीतर झाड ते गिळतं आणि आतल्या आत तोडतं. वरून पट्टा धडधाकट दिसतो, तुम्ही विश्वासाने पाय ठेवता आणि सरळ खाली येता.

रेनोला म्हटलं, हे मचाण उतरवतो आणि तिथेच माझं बांधतो. म्हणाला, रान एवढं मोठं आहे, दुसरं झाड बघ. का, तर म्हणे आर्विड कांगसचं मचाण आहे ते. मग आर्विड कांगसला सांग येऊन घेऊन जा म्हणून, मी म्हटलं. तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

१३ ऑक्टोबर
जुनं मचाण निघालं नाही. बोल्ट जाम, पट्टे सालीच्या आत. राहू दे. त्याच्या दोन फूट खाली, वाटेच्या बाजूला माझं बांधलं. सगळं नियमाने केलं. जमिनीवर उभं राहूनच अंगावर पट्ट्यांचा हार्नेस चढवला, पाठीवरचा पट्टा कडीने दोराला अडकवला, मग पहिली पायरी. हात-पाय मिळून तीन कायम शिडीवर. धनुष्य हातात घेऊन चढलो नाही, वर बसल्यावर दोरीने ओढून घेतलं. कडी लावल्यावर अंगठ्याने दोनदा दाबून बघितली, कट्, कट्.

लोक हसतात. हसोत. एकोणनव्वद साली माझा भाऊ टेडी चर्चच्या छपरावरून पडला. चौदा फूट फक्त. दोर गाडीत होता. त्यानंतर माझ्या कामावर दोराशिवाय कुणी चढला नाही. सख्ख्या मेव्हण्याला त्यापायी घरी बसवलं.

दुपारी गावातल्या खानावळीत मांसाची पेस्टी खाल्ली. वाढणारी बाई निघाली लेम्पी कांगस, जिने हे रान मला विकलं ती. आधी वकिलामार्फतच व्यवहार, कागदावरचं विकणारीचं नावही मी वाचलं नव्हतं, त्यामुळे आज पहिली भेट. आर्विडची बायको. विधवा म्हणायचं की नाही हे तिलाच ठाऊक नाही. अकरा वर्षांपूर्वी तो पहाटे बिल्ला टांगून गेला तो परत आला नाही. नऊ दिवस शोधलं. रक्त नाही, प्रेत नाही, काही नाही. गावाने ठरवून टाकलं की ग्रीन बेमधल्या कुठल्याशा बाईकडे पळाला.

त्या पहाटे ती त्याच्याशी भांडली होती. तो कडी लावायची विसरायचा. तिने हार्नेसच्या पट्ट्यावर लाल लोकरीचा टाका घातला होता, नजरेस पडावा म्हणून. आणि दारातून ओरडून सांगितलं होतं, बांधून बस, नाहीतर परत येऊ नकोस. तो चिडवायला लागला, आता कडी तीनदा तपासतो बाईसाहेब, एकदा तुझ्यासाठी, एकदा माझ्यासाठी, एकदा देवासाठी. हे सांगताना ती टेबल पुसत होती. टेबल आधीच पुसलेलं होतं.

मला म्हणाली, डुडेक, माणूस रागावून गेला असेल तर अकरा वर्षं कुणी रागावतं का हो?

पेस्टी तशीच राहिली.

१८ ऑक्टोबर
माझ्या मचाणाचा पट्टा घट्ट झालाय. ओल्या हवेने असेल. पण बक्कल सालीत रुतलंय. नखभर.

२१ ऑक्टोबर
अर्धा इंच. पेन्सिलीने खूण केली होती, ती सालीखाली गेली. मापात मी चुकत नाही. याला तीन वर्षं लागायला हवीत, लागले आठ दिवस.

रेनोला सांगितलं. म्हणाला, छपरेवाल्या, चष्मा बदल. पण बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

पट्टा करवतीने कापून मचाण खाली आणलं. पट्ट्याची दोन्ही टोकं झाडातच राहिली. संध्याकाळपर्यंत ती दिसेनाशी झाली.

२५ ऑक्टोबर
शहाणा माणूस दुसरं झाड बघेल. मी आज पुन्हा तिथेच गेलो. एक झाड मला माझ्याच रानातून हाकलतंय? जमायचं नाही.

मेपलला पलीकडून पाहिलं. जुन्या मचाणाच्या वर, बसलेल्या माणसाच्या उंचीवर, बुंध्याला फुगवटा आहे. गाठी बऱ्याच बघितल्यात. ही तशी नाही. वर रुंद, मध्ये खोलगट पन्हळ, खाली निमुळती. पाठीसारखी.

बुंध्याला कान लावला. माझे कान चांगले आहेत, छपराखालचं वाळवी लागलेलं लाकूड मी ठोकून ओळखतो. आधी नुसतं रानातलं वारं. मग आतून, वरून, अगदी स्पष्ट—

कट्. कट्. कट्.

तीनदा.

२६ ऑक्टोबर
छपराला खिळे मारत बसलो. नको तिथेसुद्धा मारले.

२९ ऑक्टोबर
शेजारच्या पाइनवर चढलो. दोर पाइनला. दुर्बीण लावली. फुगवट्याच्या वर सालीतून पट्ट्याची एक घडी बाहेर आहे, हातभर लांब. पाठीवरचा पट्टा. त्यावर टाका.

लाल लोकरीचा.

तो कुठे गेला नव्हता. तिचं ऐकून बांधून बसला होता. आणि बांधलेला होता म्हणूनच—

३० ऑक्टोबर
रेनोला फाटकापाशी गाठलं. सगळं बोललो. तो कितीतरी वेळ बिल्ले सारखे करत राहिला. मग म्हणाला, तिसऱ्या वर्षीच त्याला तो फुगवटा दिसला होता. कुणाला काय सांगणार होता, झाडाने माणूस खाल्ला? आणि लेम्पीला तर कसं सांगायचं, की तुझंच ऐकलं म्हणून गेला? त्यापेक्षा राग बरा, रागावर माणूस जगतो.

मी म्हटलं, रेनो, ती रागावर जगत नाहीये. ती अकरा वर्षं तेच एक टेबल पुसतेय.

तो रडला. मीच बहिरा असल्यासारखं तोंड फिरवलं.

२ नोव्हेंबर
रेनोची यांत्रिक करवत घेऊन मेपल बुडातून कापायला गेलो. चार इंच गेली आणि अडकली. साखळी तुटली. सकाळी पाहतो तर काप मिटलेला. करवतीचं पातं आत.

रेनो म्हणतो पुरे झालं. रान विक, शहरात जा.

तुझ्या देवाला सांग, मी म्हटलं. गुडघे टेकायचे तर मी छपरावर टेकलेत, ते पोटासाठी. झाडापुढे नाही.

सगळं नको. लाल टाक्याचा तेवढा तुकडा. तिच्या हातात ठेवायचा, आणि एक वाक्य बोलायचं. बस.

६ नोव्हेंबर
युक्ती ठरली. शिडी पाइनला, दोर पाइनला, हार्नेस पाइनला. मेपलला काहीही बांधायचं नाही. लांब दांडीला सुरी. तिथूनच कापायचं. रेनो येतो म्हणाला. नको म्हटलं, एकजण खाली फाटकापाशी पाहिजे, बिल्ल्यावर लक्ष ठेवायला.

८ नोव्हेंबर, सकाळ
बिल्ला टांगला. आर्विडच्या शेजारच्या खिळ्यावर. थंडी सुरेख. रेनोने आज माझ्याच बादलीच्या पाण्याचे दोन कप मागून घेतले. वही नेहमीप्रमाणे खिशात, पेन्सिल दोरीला.

८ नोव्हेंबर, साडेनऊ
दांडी पोचते, पण सुरीला जोर येत नाही. पट्टा चिवट. जुन्या मचाणावर एक पाय टाकला तर हात पोचेल. पाइनचा दोर दीड हात कमी पडतोय.

नियम असा, दुसरी कडी लागल्याशिवाय पहिली सोडायची नाही. आयुष्यभर मोडला नाही. दुसरी कडी लावायला इथे एकच जागा आहे. बुंध्यावरचं जुनं कडं.

ती लावली, पाइनची सोडली. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात काय गिळणार आहे.

दहा
कापला. हातात आहे. लोकर अजून लाल. अकरा वर्षं पाऊस-बर्फ जणू लागलाच नाही तिला.

सुरी टेकवली होती बुंध्याला. क्षणभरच. निघत नाही.

दहा-वीस
पाठीवरचा पट्टा आखूड झालाय. चार हातांचा होता. आता एक.

ओरडलो. बहिरा कान रानाकडे असणार.

—
पाठ सालीला लागली. छातीवरचं बक्कल उघडायला गेलो. पट्ट्यावरून साल येतेय, खांद्यापर्यंत. बोटं आत घालवत नाहीत. गार नाही. ऊब आहे. तेच वाईट.

टेडी, मी बांधलं होतं रे. बघ. बांधलं होतं.

—
नीट लिहितो. हात मोकळे आहेत.

धनुष्य खालून वर ओढून घ्यायची दोरी माझ्याकडे आहे. वही तिच्या टोकाला बांधली, लाल टाका वहीत ठेवला. हात सुटला की वही आपोआप खाली जाईल.

रेनो. अंधार पडायच्या आधी तू येशील. चढू नकोस. वर मी काहीही बोललो तरी चढू नकोस. या झाडाला कुणी काही बांधायचं नाही, दोर नाही, पट्टा नाही, घोडासुद्धा नाही. दुसरीकडे बांधा. बांधायचं सोडू नका मात्र. झाड वाईट आहे, दोर वाईट नाही.

—
लेम्पी. तो रागावला नव्हता. बांधून बसला होता, तुम्ही सांगितलं तसा. दोष तुमचा नाही. टेबल स्वच्छ आहे, बाई. बसा आता.

—
कट् कट् कट्. अगदी पाठीमागे. खांद्यापाशी.

माझी कडी अंगठ्याला लागतेय अजून. मीही तीनदा वाजवली. म्हटलं, मित्रा, सरक थोडा, मी काही तुझ्यासारखा गुपचूप बसणार नाही. लाथ घातली बुंध्याला. टाच निघाली नाही. दुसऱ्या पायाने घातली.

—
मान

पेन्सिल चालतेय

रेनो आर्विडचा बिल्ला काढ. कायदा गेला खड्ड्यात. लेम्पीला दे.

माझ्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. तो मी स्वतः येऊन का