मिठाची बरणी

माघी गणेशजयंती, येडगाव. संध्याकाळ.

दुपारची कटाची आमटी अजून डोक्यातून जात नाही. तिच्यात मीठच नव्हतं. वहिनींनी नैवेद्य दाखवला, पानं वाढली आणि पहिल्याच घासाला सगळे एकमेकांकडं बघायला लागले. "देवाच्या आधी चाखायचं नाय, भाऊजी," म्हणत त्या हसल्या, मिठाची बरणी फिरली, विषय संपला.

माझा संपला नाही. नव्या क्षेपणास्त्राच्या चाचण्या अर्धवट असताना सगळी खरेदी करू नये, दोष निघाला तर खर्च वाढतच जाईल, असं मी संरक्षण खात्याच्या लेखापरीक्षण अहवालात लिहिलंय. काल साहेब म्हणाले, "एवढा अविश्वास बरा नाही. ते वाक्य काढा." मी 'बघतो' म्हणून सुट्टीवर निघून आलो. बघतो? काय बघणार होतो?

मघाशी भांडी लावताना वहिनींनी विचारलं, "तुमी तपासताय ते नवं हत्यार आमच्या संतोषकडं यील का?" त्यांचा मुलगा सीमेवर आहे.

"येईल बहुतेक."

"मग नीट बघा हां."

आमटीला बरणी होती. संतोष तिथं कुणाकडं मीठ मागणार?

वाक्य राहील. सोमवारी साहेबांना तोंडावर सांगतो.