दारात विचारलेला प्रश्न

मंगळवार, भंडारा

एक्स-रेच्या प्रशिक्षणाचा दुसराच आठवडा, आणि आज मी चुकले. मोहाडीकडची एक सून धानाची रोवणी करताना चिखलात पडली होती, कंबरेचा फोटो काढायचा होता. बाईला आधी दिवस गेलेत का ते विचारायचं, हे शिकवलंय. मी विचारलं, पण दारातच, सासूसमोर.

उत्तर सासूनंच दिलं. "नाही जी, मागचं पोटातलं गेल्यापासून काहीच नाही."

टेबलावर झोपवलं तेव्हा सुनेनं माझा हात धरला. "ताई, दोन महिने झाले. घरी सांगू नका. मागच्या खेपेले सांगतलं न् मंग गेलं."

फोटो थांबवायलाच हवा होता, म्हणून मी आम्हाला शिकवणाऱ्या सरांना सांगितलं. ते बरोबरच केलं. पण घरच्यांना कळू द्यायचं नाही, एवढं सांगायचं राहूनच गेलं. काहून राहिलं? सर बाहेर गेले आणि सासूला म्हणाले, "गोड बातमी आहे."

सासू हसत रांगेतल्या बायांना सांगू लागली. सून भिंतीकडे बघत होती. मी जवळ जाऊन माफी मागितली.

"तुमच्यावर राग नाही," ती म्हणाली. "पण याही खेपेले गेलं, तं आता घरच्यायले काय सांगू?"

मी तिची साडी नीट करून दिली, तेवढंच.