स्वस्तातला गोलरक्षक

सस्काटून,
एप्रिलचा दुसरा रविवार

आदरणीय वासिलमामा यांस,

तुमचा भाचा बोहदान याचा आधी तुमच्या दोन्ही गुडघ्यांना आणि मग तुम्हाला नमस्कार. अर्धं आयुष्य बर्फावर गोल राखण्यात घालवलेल्या माणसाची चौकशी गुडघ्यांपासूनच करावी लागते. उजवा बरा असेल अशी आशा आहे. डाव्याबद्दल विचारत नाही. मामींचा रक्तदाब कसा आहे? आमच्याकडे लारिसा आणि मुली मजेत. मी स्वतः इतका ठणठणीत आहे की आज दाढी करताना गात होतो (लारिसा म्हणाली, एका वेळी एकच काम करा, गालावर अर्धी तशीच राहिली आहे).

कालची बातमी तुम्ही तिकडे वाकॉ गावी रेडिओवर ऐकलीच असेल. पण ज्या रेडिओवाल्यांनी वर्षभर मला गाढव म्हटलं त्यांच्या तोंडून ती ऐकणं बरं नाही, म्हणून मी सांगतो. आमच्या स्टर्जन्स या आइस हॉकी संघाने काल हॅमिल्टनला हरवलं, आणि अकरा वर्षांनी सस्काटून बाद फेरीत पोचलं. आणि तेही त्याच हॅमिल्टनला, ज्यांच्या गोलात आपला जुना देरोझिए उभा होता, ज्याला मी, संघाचा व्यवस्थापक म्हणून, गेल्या जुलैत विकलं आणि गावात तोंड दाखवायची चोरी झाली.

मामा, मी त्याला का विकलं हे तुम्ही मला कधी नीट सांगू दिलं नाहीत (आठवा, नाताळच्या रात्री बारा पदार्थांपैकी सातव्यापर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, आणि आठव्याला म्हणालात, "गोलरक्षक म्हणजे अर्धा संघ. तू अर्धा संघ विकलास, बाळा"). आता पत्रात तुम्ही मध्येच बोलू शकत नाही, तेव्हा ऐका. लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातली आहे. मालक कितीही श्रीमंत असो, त्यावर एक डॉलरही जाता येत नाही. पंगतीला माणसं किती का असेनात, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या होलुब्त्सीचं पातेलं एकच. आणि एकट्या देरोझिएने त्यातला सातवा हिस्सा आपल्या ताटात वाढून घेतला होता. उरलेले बावीस जण पातेलं खरवडत होते. शिवाय गोलरक्षकाचं काही खरं नसतं. एक वर्ष तो भिंत असतो, पुढच्या वर्षी चाळणी होतो, आणि आपण मात्र भिंतीचे पैसे देत बसतो (हे तुम्हाला उद्देशून नाही, तुमच्या वेळी पगारच नव्हता).

म्हणून मी देरोझिए हॅमिल्टनला दिला, सुटलेल्या पैशांत सडबरीचे ते दोन दांडगे बचावपटू, लशान्स बंधू, आणले आणि गोलात इल्मारी वुओरिनेन नावाचा चौतीस वर्षांचा फिनलंडचा माणूस, नियमात बसेल तेवढ्या कमीत कमी पगारावर उभा केला. दोन संघांनी त्याला काढून टाकलेलं होतं. तो बोलत नाही, हसत नाही, आणि करारावर सही करताना त्याने मला एकच प्रश्न विचारला, "इथे जवळपास तळं आहे का?" मी त्याला तुमचा पत्ता दिला. तेव्हापासून तो सुट्टीच्या दिवशी तळ्यावरच्या तुमच्या झोपडीत, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ टाकून तुमच्याशेजारी बसतो आणि तुम्ही दोघं दिवसभर एकमेकांशी काहीही बोलत नाही, असं मामींकडून कळतं. दोघांचं छान जमलं आहे म्हणे.

इकडे माझे काय हाल झाले ते तुम्हाला ठाऊक नाहीत. आमचे मालक थॉर्वाल्डसन यांनी मला बोलावून थंडपणे सांगितलं, "बोहदान, तू घराचं दार विकून खिडक्यांना पडदे आणलेस." चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी उकडलेल्या करंज्यांसारखे पिरोही वाढणाऱ्या ह्नातिउकबाई माझं ताट पुढे आलं की म्हणायच्या, "आंबट साय संपली." अख्खी बादली त्यांच्या कोपरापाशी असायची. न्हाव्याने तर माझे केस कापता कापता बाकीच्या गिऱ्हाइकांचं मत घेतलं. मी मान हलवू शकत नव्हतो.

आता कालचं. जिंकलो तर आत, हरलो तर घरी. आणि दुपारी आमच्या राखीव गोलरक्षकाला उलट्या सुरू झाल्या (शिंपले खाल्ले होते. समुद्रापासून इतक्या दूर राहून माणूस शिंपले खातो कशाला). खालच्या संघातून दुसरा बोलवावा तर त्याचा दोन दिवसांचा पगार मर्यादेत मावेना. मी इतकं काटेकोर बसवलं होतं की फटीत पोस्टाचं तिकीट जाईना. अशा वेळी नियमाप्रमाणे गावातला एखादा हौशी माणूस फुकट बसवता येतो. तो निघाला लॉर्न फ्रीसन, अंत्यविधीची सोय करणारा. एका कार्यातून थेट आला होता, काळ्या सुटात. प्रशिक्षकांनी त्याला पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तो नुसता बसणार आहे."

पहिल्या दोन सत्रांत वुओरिनेनने काय अडवलं, मामा. चकती त्याच्याकडे येत नव्हती, तोच आधी जाऊन तिची वाट पाहत होता. तीन-दोन अशी आघाडी होती आणि तिसऱ्या, शेवटच्या सत्राच्या मध्यावर हॅमिल्टनचा एक गडी त्याच्यावर येऊन आदळला. वुओरिनेनची जांघ धरली आणि त्याला आत नेलं. फ्रीसन उठला. जाता जाता त्याने सवयीने माझा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हटलं, "धीर धरा."

पुढची सहा-सात मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. लशान्स बंधू प्रत्येक फटक्यापुढे आडवे पडत होते. थोरल्याला चकती बरगडीत लागली, धाकट्याला जिथे लागली ते मामी पत्र वाचतात म्हणून लिहीत नाही. एकच चकती त्यांच्यातून सुटली, ती फ्रीसनच्या मुखवट्यावर आपटून बाहेर गेली; तो तेव्हा दुसरीकडेच बघत होता. लोकांनी त्याचं नाव घेऊन छप्पर डोक्यावर घेतलं. मग वुओरिनेन लंगडत परत आला, शेवटच्या मिनिटाला एकट्या सुटून आलेल्या गड्याचा फटका त्याने पायाच्या अंगठ्याने रोखला, आणि आम्ही जिंकलो.

थॉर्वाल्डसन मला मिठी मारून म्हणाले, "ते पडदे मी आयुष्यभर काढणार नाही." आज चर्चमध्ये विजयाचं खास जेवण होतं, तिथे ह्नातिउकबाईंनी मला इतकी साय वाढली की खाली पिरोही शोधावे लागले. तेव्हा मामा, आपला वाद इथे संपला. पैसा बचावात घालावा. गोलात कोणीही चालतो, अगदी मयताची सोय करणाराही. तुम्ही हे मोठ्या मनाने मान्य कराल याची खात्री आहे. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
बोहदान

ता. क. वुओरिनेनचा करार जूनमध्ये संपतो. हॅमिल्टनवाल्यांनी त्याला आत्ताच विचारलं आहे, असं कानावर आलं. तो सध्या तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. तेव्हा पुढच्या खेपेला गळ टाकून बसाल तेव्हा, सहज, गोलरक्षकाची फारशी किंमत नसते, असं तुमच्या तोंडून त्याच्या कानावर घालाल का? तुमच्यासारखा जुना माणूस म्हणाला की त्याला पटेल.

ता. क. २. वाक्य तुमच्या तोंडून निघणं जड जाईल, जाणतो. सुरुवात तळ्याच्या कौतुकाने करा.

ता. क. ३. कालची चित्रफीत आज तीनदा पाहिली. पहिल्या दोन सत्रांत लशान्स बंधू कुठेच नव्हते. होता तो एकटा वुओरिनेन. त्यामुळे वरचं काही बोलूच नका. किती पैसे हवेत एवढंच त्याला विचारून कळवा. सातवा हिस्सा म्हणाला तरी हो म्हणा. धाकटा लशान्स विकून टाकेन.