पाटल्या मोडू नको

सोलापूर, ५ मार्च १९५४

चि. शिवाप्पास अण्णाचा आशीर्वाद.

मी बरा हाय, आईनं काळजी करू नये. तिचा खोकला कसा हाय?

कर्जाचं इथल्या मुनीमजीला इचारलं. विरूपाक्षअप्पाकडून आपण घेतले ते साडेतीनशे रुपये निजामाच्या नाण्यातले, हाली. हाली रुपया हलका, त्याचे इकडचे सरकारी कलदार रुपये तीनशेच होतात, अन् तेवढे मी कधीच धाडलेत. पन्नास राहिले म्हणून आईच्या पाटल्या मोडायला मीच लिव्हलं, ती माझी चूक.

आता सोनाराकडं जाऊ नको. अप्पाशी भांडू नको, त्यांच्याबी ध्यानात आलं नसंल. कर्जाच्या चिठ्ठीवर ‘हाली’ लिव्हलंय तेवढं दाखव अन् चिठ्ठी परत घे.

पाटल्या मोडल्या असल्या, तर आईला या पत्राची फकस्त पहिली ओळ वाचून दाखव, पुढचं नको.

तुझा अण्णा,
गुरलिंग