मानोऱ्याच्या रायफलीचा अमेरिकन दस्ता

अनसिंग, जि. वाशीम
सोमवार

दोस्त रऊफभाई यांस,

देवमन पट्टेबहादूरचा जयभीम आणि आदाब. तुझा गुडघा कसा आहे, अकोल्याचं पाणी मानवलं का, आणि लेकीनं तुझी विडी खरंच सोडवली की जिन्याखाली अजून एखादी चालते, ते सविस्तर कळव. इकडे सगळे खुशाल. माझं अक्षर तुला लागत नाही, म्हणून या खेपेस सूनबाई सरिता लिहून घेते आहे. मी बोलतो वऱ्हाडी आणि ती लिहिते शाळेच्या पुस्तकासारखं, तेव्हा भाषा तिची, मतं माझी. (फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू आधी हसतोस आणि मग ऐकतोस.)

तर मागच्या बुधवारी मला मानोऱ्याकडच्या तांड्यावरून बोलावणं आलं. उदयसिंग राठोड तुला आठवत असेल. त्याच्या आज्याला शिकारीच्या जमान्यात कुण्या साहेबानं एक अमेरिकन रायफल दिली होती. चापाखालची दांडी खाली ओढून वर घेतली की गोळी भरते, ती. वय सव्वाशे वर्षं. हिचीच हुबेहूब नक्कल हल्ली इटलीत बनते हे मी ऐकून होतो, पण तशी एक पुसदपर्यंत येऊन पोचली आहे आणि तीही उदयसिंगच्या बहिणीच्या, मंजूच्या घरी, हे मला ठाऊक नव्हतं. मंजूचा नवरा थावरसिंग हौशी माणूस. त्यानं साळ्यापुढे प्रस्ताव मांडला की जुनी मला द्या, नवी तुम्ही घ्या, परवान्यांची धावपळ मी करतो. उदयसिंग अर्धाअधिक तयार होता, कारण नवी चकाकते, आणि जुनीचा एक स्क्रू हरवला तर तो भारतात मिळत नाही. त्याची आई रामीबाई मात्र दोन दिवस जेवली नव्हती. का जेवत नाही तेही सांगत नव्हती. शेवटी ठरलं की पोलिसांच्या शस्त्रागारात तीस वर्षं काढलेला जाणकार बोलवा, तो म्हणेल तसं.

तो जाणकार मी. (सरिता हसते आहे. तिला फक्त लिहायला बसवलं आहे.)

अंगणात बाजेवर वाकळ टाकून दोन्ही रायफली ठेवल्या होत्या. मी आधी दोन्ही रिकाम्या असल्याची खात्री केली, मग चहा घेतला, मग आणखी एक घेतला, कारण तोवर अर्धा तांडा जमला होता आणि लोकांना वाट पाहायला लावल्याशिवाय जाणकाराला वजन येत नाही. पहिल्यांदा नवी उचलली. खरं सांगतो, काम वाईट नाही. दांडी घट्ट, पण फिरते बिनचूक. नळी सरळ. पण मागच्या बाजूला अंगठ्यापाशी एक बटण दिलं आहे, चुकून गोळी सुटू नये म्हणून. जुन्या कारागिरानं ते दिलं नव्हतं, कारण बंदूक धरणाऱ्याला अक्कल असते असा त्याचा समज होता. लाकडावर वार्निश असं की हात घसरतो. मी दांडी चारदा ओढली, कानाशी धरून ऐकली आणि म्हणालो, "आवाज कोरा हाय. नव्या नवरीच्या बांगड्यावानी." लोकांनी माना डोलावल्या.

मग जुनी घेतली. दांडी सैल झाली आहे, हलवली की खुळखुळते, पण ओढली तर लोण्यातून सुरी. खटक्याला पूर्वी कुणी तरी कानशीनं घासलं आहे, तेही बोटाला लागलं. आणि दस्ता, रऊफभाई. खांद्याला लावला आणि तो असा बसला, जणू माझ्याच मापानं बनवला होता. मला भरून आलं. मी उभा राहून सांगितलं, "भाऊ, हा अमेरिकन अक्रोड हाय. सव्वाशे वर्साचं लाकूड असंच बोलते. असं झाड आपल्या मुलखात होत नाई, अन् असा सुतार तर नाईच नाई. इटलीवाल्याले सात जनमात हे जमनार नाई." एवढं बोलून मी खाली बसलो.

रामीबाई दाराच्या उंबऱ्यावर होती. ती तिथूनच म्हणाली, "हवालदार, थे माह्या दमणीचं जू हाय."

आधी कुणालाच कळलं नाही. मग ती उठून आली. लग्न होऊन ज्या सवारीच्या बैलगाडीतून ती या तांड्यावर आली, त्या दमणीचं जू. मूळ अमेरिकन दस्ता वाळवीनं पोखरला होता, तो तिनं स्वतः न्हाणीच्या चुलीत घातला. दमणी मोडकळीला आल्यावर तिच्या नवऱ्यानं ते जू मंगरूळपीरला तुझ्या तेव्हाच्या सुतारकामाच्या दुकानात नेलं आणि तुझ्याकडून नवा दस्ता करून आणला. मी त्या साली बदलीवर गडचिरोलीला होतो. "हे पाहा," म्हणाली, "रऊफभाईची खूण, तीन ठिपके, स्क्रूच्या खाली." मी वाकून पाहिलं आणि "हो, हो, त्याचेच हायेत," म्हणालो.

थावरसिंग हसायला लागला. "म्हंजे आई, जुनी बी नक्कलच निंगाली."

रामीबाई हसली नाही. "नळी साहेबाची अशीन, जावाई. दस्ता माह्या घरचा हाय. तुमाले न्याचीच असन तर दस्ता काढून ठेवा अन् न्या."

उदयसिंगला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं रायफल उचलली, मांडीवर आडवी घेतली आणि बराच वेळ त्या लाकडावरून हात फिरवत बसला. "मले कधी सांगतलं नाई, बाई," आईला म्हणाला.

"तू कधी इचारलं?"

मग तो थावरसिंगला एवढंच म्हणाला, "दाजी, जेवून जा. बंदूक राहू द्या." थावरसिंगनं वाद घातला नाही. त्यालाही ते लाकूड हातात घेऊन पाहायचं होतं आणि त्यानं पाहिलं. रामीबाई पहिल्या पंगतीला बसली, माझ्या समोर, आणि मला दोन भाकरी जास्त वाढायला लावल्या. जाणकार म्हणून मला पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

असो. तू माझ्यावर हसणार हे धरून चाललो आहे. पण आपल्या मुलखात असा सुतार नाही हे वाक्य मी मागे घेतो, तिथे भर अंगणातही मागे घेतलं आहे.

तुझा,
देवमन

ता. क. थावरसिंगला तुझ्या हातचा तसाच दस्ता नव्या रायफलीला बसवून हवा आहे. तुझ्या वतीनं मी होकार दिला. पुढच्या बुधवारपर्यंत ये, निदान आठ दिवस राहायच्या तयारीनं. पटाशी आणि रंधा आण.

दुसरा ता. क. पटाशी नाही आणली तरी चालेल. ये.

रऊफचाचा, हे मी, सरिता, माझ्या मनानं लिहिते. मामाजी वाचून पाहणार नाहीत, कारण त्यांना वाचता येत नाही आता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यानं तर फक्त उजेड कळतो. ते तीन ठिपके त्यांना दिसलेच नव्हते. घरी आल्यावर माझ्याजवळ बोलले की रऊफचं काम होतं आणि मी ओळखलं नाही, आणि त्या रात्री जेवले नाहीत. थावरसिंग दाजींनी कसलाही दस्ता सांगितलेला नाही. वाशीमला त्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी त्यांचं ऑपरेशन आहे. दोन तारखा त्यांनी चुकवल्या. आता म्हणतात, रऊफ बाहेर बसला असल तरच आत जाईन, पण त्याले हे सांगू नोको.

तुम्ही रेल्वेनं वाशीमला या. ते स्टेशनवर येतील, ऐकणार नाहीत. मी सोबत असेन. लांबून हात करू नका, हाक मारा.